पोकेमॉनची लढाई नेमकी चालते कशी?

भारतातील दूरचित्रवाणीवर २००३ साली ‘पोकेमॉन’ ही जपानी कार्टून मालिका हिंदीतून दाखल झाली आणि पिकाचू, चारिझार्ड ही नावे मुलांच्या तोंडी बसली. चिप्सच्या पाकिटातून निघणाऱ्या चकत्या जमवणारी ती मुले आज तिशीत आहेत. मालिकेत लढाई जिंकण्याचा मार्ग ठरलेला असे. पिकाचू कोसळतो, मित्राची हाक ऐकून पुन्हा उभा राहतो आणि आपल्या चौपट आकाराच्या शत्रूला विजेचा झटका देऊन लोळवतो. ज्या व्हिडिओ गेमवरून ही मालिका निघाली, त्याच्या स्पर्धात्मक लढतीत मात्र अशा हाकेला काडीची किंमत नाही. तिथे आकडे बोलतात. ते आकडे खेळाने अनेक वर्षे खेळाडूंपासूनच दडवून ठेवले होते.

पडद्यावर दिसते ते फारच थोडे. एक प्राणी डावीकडे, एक उजवीकडे, खाली चार नावांची चौकट. एक नाव निवडले की एखादी ज्वाळा किंवा पाण्याचा लोट समोरच्यावर आदळतो आणि ‘हा वार फारच प्रभावी ठरला’ अशा अर्थाचे वाक्य उमटते. पाहणाऱ्या आईवडिलांना वाटते, पोरगे नुसती बटणे दाबत बसले आहे. हरल्यावर पोरगेही तेच सांगते : नशीबच वाईट होते. या खेळात नशिबाचा वाटा किती, जन्मजात बळाचा किती आणि निर्णयाचा किती, हे कळायचे असेल तर लढाईचे यंत्र उघडून पाहणे भाग आहे.

एक खुलासा आधीच केलेला बरा. मोबाइलवर खेळला जाणारा आणि भारतात डिसेंबर २०१६ मध्ये अधिकृतपणे आलेला ‘पोकेमॉन गो’ हा वेगळा खेळ आहे. त्यातील लढत बोटांच्या चपळाईवर चालते. येथे विचार केला आहे तो मूळ मालिकेतील, दोघांनी पाळीपाळीने खेळायच्या लढाईचा.

बंद मुठीची फेरी

‘पॉकेट मॉन्स्टर्स’चे ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ हे पहिले दोन खेळ २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये, निन्टेन्डोच्या ‘गेम बॉय’ या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी प्रसिद्ध झाले. ‘गेम फ्रीक’ या कंपनीचे संस्थापक सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे पकडून जमवण्याचा नाद होता. दोन गेम बॉय जोडणाऱ्या तारेवरून किडे इकडून तिकडे सरपटत जात आहेत, या कल्पनेतून त्यांना खेळाचे बीज सापडले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. लढाईचा प्रोग्रॅम लिहिला तो शिगेकी मोरिमोतो यांनी.

रचना साधी आहे. प्रत्येकाजवळ जास्तीत जास्त सहा पोकेमॉन. प्रत्येक पोकेमॉनला एका वेळी चारच डाव येतात, पाचवा शिकायचा तर आधीचा एक विसरावा लागतो. प्रत्येक फेरीत खेळाडूने एक तर चारपैकी एक डाव टाकायचा, नाही तर मैदानातला गडी मागे घेऊन दुसरा उतरवायचा. बुद्धिबळात प्रतिस्पर्ध्याची चाल पाहून आपली चाल करता येते. इथे दोघांची निवड एकमेकांना न दाखवता, एकाच वेळी होते. दोन्ही मुठी बंद झाल्यावरच त्या उघडतात. या खेळाचे सारे मर्म या एका नियमात आहे, आणि शेवटी त्याकडे यावेच लागेल.

मुठी उघडल्यावर घडणाऱ्या गोष्टींचा क्रमही ठरलेला आहे. आधी बदल्या होतात. मागे गेलेल्या गड्यावर उगारलेला वार त्याच्या जागी आलेल्या गड्याला खावा लागतो. मग डाव टाकले जातात. काही डावांना अग्रक्रम असतो, ते कितीही मंद प्राण्याने टाकले तरी आधी लागतात. बाकीच्यांत ज्याचा वेग जास्त, तो पहिला. वेग अगदी सारखा असेल तर यंत्र आतल्या आत नाणे उडवते.

कोण कोणावर भारी

प्रत्येक पोकेमॉनला एक किंवा दोन ‘प्रकार’ असतात आणि प्रत्येक डावाला एक. पाणी आगीवर भारी, आग वनस्पतीवर, वनस्पती पाण्यावर. ही झाली पहिली इयत्ता. १९९६ मध्ये असे १५ प्रकार होते, १९९९ साली ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’मध्ये अंधार आणि पोलाद यांची भर पडली, २०१३ च्या ‘एक्स’ आणि ‘वाय’मध्ये परी हा अठरावा प्रकार आला. अठरा प्रकारांचे डाव अठरा प्रकारांच्या अंगावर, म्हणजे ३२४ घरांचा तक्ता. मुरलेल्या खेळाडूला तो पाढ्यासारखा पाठ असतो.

या तक्त्यात चारच उत्तरे आहेत. वार दुप्पट लागतो, जेवढ्यास तेवढा लागतो, निम्मा लागतो किंवा मुळीच लागत नाही. विजेचा वार भूमीप्रकारच्या प्राण्यावर शून्य. ज्याने प्राथमिक शाळेत अर्थिंगचा धडा वाचला आहे त्याला हे समजावून सांगायला नको. प्राणी दुहेरी प्रकाराचा असेल तर दोन्ही उत्तरांचा गुणाकार होतो. ग्याराडोस हा सर्पासारखा अजस्र प्राणी जल आणि उड्डाण या दोन्ही प्रकारांचा आहे. वीज दोघांवरही दुप्पट, म्हणून त्याच्यावर चौपट. उलट, एक प्रकार दुसऱ्याचे उणे झाकूनही टाकतो. बर्फ उडणाऱ्यावर दुप्पट आणि जलप्रकारावर निम्मे, म्हणून ग्याराडोसवर बर्फाचा वार जेमतेम मूळच्या किमतीचा राहतो.

याखेरीज एक नियम नवख्याच्या लक्षात उशिरा येतो. प्राण्याने आपल्याच प्रकारचा डाव टाकला तर त्याला दीडपट जोर मिळतो. म्हणून अग्नीप्रकारच्या चारिझार्डने फेकलेली ज्वाळा आणि तीच ज्वाळा दुसऱ्या कोणी फेकलेली, यांत मोठा फरक पडतो.

एका वाराचा हिशेब

आता प्रत्यक्ष गणित. प्रत्येक पोकेमॉनला सहा आकडे असतात : प्राणशक्ती, आक्रमण, बचाव, विशेष आक्रमण, विशेष बचाव आणि वेग. दात, नखे, मुष्टी अशा शारीरिक वारांसाठी आक्रमण आणि बचाव ही जोडी लागू होते. ज्वाळा, वीज, किरण अशांसाठी विशेष आक्रमण आणि विशेष बचाव.

स्पर्धेत सर्वांची पातळी ५० धरली जाते, तेव्हा तेच उदाहरण घेऊ. पातळीची दुप्पट करून पाचाने भागायचे आणि दोन मिळवायचे, आले २२. त्याला डावाच्या बलाने गुणायचे, समजा ९०. मग आपल्या आक्रमणाने गुणून समोरच्याच्या बचावाने भागायचे, समजा १२० आणि १००. उत्तर २३७६. त्याला ५० ने भागून अपूर्णांक सोडला की ४७, त्यात दोन मिळवले की ४९. हा झाला कच्चा वार. यानंतर यंत्र ८५ ते १०० या सोळा आकड्यांपैकी एक उचलते आणि वाराचे तेवढेच टक्के ठेवते. म्हणजे ४९ चा वार कधी ४९ राहतो, कधी ४१ वर येतो. स्वतःच्या प्रकारचा डाव असेल तर दीडपट, समोरचा दुबळा असेल तर दुप्पट. शेवटी हाच वार १२२ ते १४६ यांच्या दरम्यान कोठे तरी बसतो.

समोरचा तो वार निम्मा सोसणारा असता तर आकडा ३० ते ३६ राहिला असता. दोन्ही प्रकारांनी सोसणारा असता तर १५ ते १८. दोन्हींनी दुबळा असता तर २४४ ते २९२. प्राणी तोच, डाव तोच, जोरही तोच. फक्त समोर कोण उभा आहे यावर १५ चे २९२ होतात. नवखा खेळाडू आपल्या लाडक्या प्राण्याची पातळी वाढवत बसतो आणि मुरलेला खेळाडू समोर कोण येऊ द्यायचा याचा विचार करतो, त्याचे कारण हे आहे.

पण या सोळा आकड्यांचा खेळ आणखी सूक्ष्म आहे. समजा, समोरच्याची प्राणशक्ती बरोबर १४० आहे. वरील वाराच्या सोळा शक्यता मांडून पाहिल्या तर पाचांत तो आडवा होतो. त्याची प्राणशक्ती १४१ असती तर? सोळापैकी फक्त तीनच. एका गुणाने मरणाची शक्यता एवढी खाली येते. स्पर्धक मंडळी एकेका गुणासाठी रात्ररात्र हिशेब का करतात, याचे उत्तर यात आहे.

अचूकपणाचाही प्रश्न आहेच. फ्लेमथ्रोअर या आगीच्या डावाचे बल ९० आणि तो सहसा चुकत नाही. फायर ब्लास्टचे बल ११०, पण शंभरात पंधरा वेळा तो हुकतो. सरासरी काढली तर फायर ब्लास्ट साडेत्र्याण्णव भरतो, म्हणजे सरसच. तरीही कित्येक जाणकार पहिला डावच पसंत करतात. कारण लढत सरासरीवर जिंकली जात नाही. ज्या फेरीत वार लागायलाच हवा, त्या फेरीत तो लागला पाहिजे.

याशिवाय सोळा-चोविसातून एकदा लागणारा मर्मी घाव असतो. १९९९ पासून त्याची शक्यता साधारणपणे सोळात एक होती, २०१६ पासून ती चोविसात एक झाली. आधी तो दुप्पट लागे, २०१३ पासून दीडपट. भाजणे, विषबाधा, झोप, लुळेपणा अशा व्याधीही आहेत. त्यांतील भाजण्याचा परिणाम सर्वांत फसवा. थोडी थोडी प्राणशक्ती जळते हे दिसते, पण शारीरिक वारांचा जोर निम्म्यावर येतो हे पडद्यावर कोठेही लिहिलेले नसते.

पत्रिकेतले आकडे

इथून पुढचा भाग खेळाने बराच काळ झाकून ठेवला. दोन मुलांकडे एकाच जातीचे, एकाच पातळीचे पोकेमॉन असले तरी ते सारखे नसतात. २००२ साली ‘रूबी’ आणि ‘सॅफायर’मध्ये जी पद्धत आली तीच पुढे चालू राहिली. प्रत्येक प्राण्याला जन्मतःच सहाही गुणांसाठी ० ते ३१ यांपैकी एकेक आकडा मिळतो. पत्रिकेत ग्रह पडावेत तसे ते पडतात. पातळी ५० ला सर्वोत्तम आणि सर्वांत वाईट जन्माक यांत पंधरा गुणांचा फरक पडतो. त्यावर शिक्षणाचे गुण : कोणत्या शत्रूंशी लढून प्राणी वाढला त्यानुसार एकूण ५१० गुण वाटले जातात, एका बाबतीत आज जास्तीत जास्त २५२. आणि वर स्वभाव. पंचवीस स्वभावांपैकी वीस असे आहेत की एका गुणात दहा टक्के वाढ करतात आणि दुसऱ्यात दहा टक्के घट. उरलेले पाच काहीच करत नाहीत. अशी माणसेही असतात.

वर एका गुणाचा प्रताप पाहिला. त्यापुढे हे पंधरा गुण म्हणजे डोंगर. शाळकरी मुलाने जंगलात पकडलेला, जिवापाड जपलेला प्राणी केवळ जन्माच्या वेळी कमी आकडा पडला म्हणून हरू शकत होता, आणि का हरला हे त्याला खेळ सांगतही नव्हता. चांगला जन्म मिळवायचा तर अंडी उबवायची, पिल्लू पाहायचे, नापसंत पडले की सोडून द्यायचे आणि पुन्हा नवे अंडे. शेकडो अंड्यांनंतर एक मनाजोगते पिल्लू. प्रस्तुत लेखकाच्या मते हा या खेळाचा सर्वांत अन्यायाचा भाग होता. जो मुलगा कमी वेळ खेळू शकतो, तो कमी हुशार आहे असे ठरत होते.

कंपनीने हा गुंता हळूहळू सोडवला. २०१६ च्या ‘सन’ आणि ‘मून’मध्ये जन्माचे आकडे शिक्षणाने भरून काढण्याची सोय झाली आणि ते आकडे काही अंशी पाहताही येऊ लागले. २०१९ च्या ‘स्वोर्ड’ आणि ‘शील्ड’मध्ये स्वभावाचा गुणांवरील परिणाम बदलणारी पुदिन्याची पाने आली. तरीही सहा पोकेमॉनचा चमू घडवायला बराच वेळ लागतोच. त्यामुळे काही खेळाडू बाहेरच्या प्रोग्रॅमच्या साहाय्याने हवा तसा प्राणी तयार करून घेतात. ऑगस्ट २०२३ मध्ये जपानमधील योकोहामा येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत तपासणीत असे प्राणी आढळल्याने अनेक स्पर्धकांना बाद करण्यात आले. त्यानंतर मोठा वाद झाला. बाद झालेल्यांची बाजू घेणाऱ्यांचे म्हणणे असे की, प्राण्याचे आकडे नियमांत बसणारेच होते, वाचवली ती फक्त मेहनत. नियम मोडला तो मोडलाच, हे दुसऱ्या बाजूचे म्हणणे. यात आयोजकांचे चुकले असे म्हणता येणार नाही, पण कौशल्याच्या स्पर्धेआधी ही हमाली करायला लावावी का, हा प्रश्न गैरलागू नव्हता.

पहिल्या आवृत्तीचे घोटाळे

जुन्या खेळाडूंना ‘रेड’ आणि ‘ग्रीन’च्या काळाबद्दल मोठा जिव्हाळा असतो, पण त्या काळची लढाई तोल गेलेली होती. विशेष आक्रमण आणि विशेष बचाव तेव्हा वेगळे नव्हते, दोन्ही मिळून एकच आकडा होता. ज्याचा वार जबर, त्याचे अंगही कणखर. अलाकाझामसारखे मानसशक्तीचे प्राणी त्यामुळे डोईजड झाले. त्यांच्यावर भारी पडणारा प्रकार प्रत्यक्षात एकच, कीटक, आणि त्या प्रकारच्या एका प्रहाराचे बल २५ च्या वर जात नव्हते. भूतप्रकार मानसशक्तीवर भारी पडायचा, पण तक्त्यात त्या घरात शून्य पडले आणि भुतांचे वार या मंडळींच्या अंगाला लागेनासेच झाले. १९९९ साली ती चूक दुरुस्त झाली, विशेष गुणाचे दोन भाग झाले आणि अंधार हा प्रकार मानसशक्तीच्या उरावर बसवण्यात आला.

आणखी एक गंमत. शंभर टक्के अचूक म्हणवणारा डावही त्या काळी २५६ वेळांतून एकदा हुकत असे. यंत्र ० ते २५५ यांतला एक आकडा उचलून तो २५५ पेक्षा लहान आहे का, एवढेच पाहत होते. २५५ हाच आकडा निघाला तर तो स्वतःपेक्षा लहान कसा असणार? वार वाया. आणि मर्मी घावाची शक्यता चौपट करण्यासाठी ठेवलेला ‘फोकस एनर्जी’ हा डाव ती चौपट करण्याऐवजी चतकोर करत होता. किती मुलांनी तो मोठ्या विश्वासाने वापरला असेल!

हे दोष असूनही तो प्रोग्रॅम मोठ्या कष्टाचा होता. लढाई निन्टेन्डो ६४ या यंत्रावर नेण्याची वेळ आली तेव्हा सातोरू इवाता यांनी ते काम अंगावर घेतले. पुढे २००२ मध्ये निन्टेन्डोचे अध्यक्ष झालेले इवाता तेव्हा हाल लॅबोरेटरी या दुसऱ्याच कंपनीचे प्रमुख होते. कोणतेही टिपण हाताशी नसताना गेम बॉयचा मूळ प्रोग्रॅम वाचून त्यांनी लढाई आठवडाभरात नव्या यंत्रावर चालती केली. ज्यांना ती लिहायला बराच काळ लागला होता ते मोरिमोतो हे पाहून थक्क झाले, असे त्यांनी स्वतःच २००९ मधील एका मुलाखतीत सांगितले आहे. त्यांची ती मुलाखत घेण्यासाठी समोर बसले होते ते इवाताच.

मोठा बदल २००६ साली ‘डायमंड’ आणि ‘पर्ल’ने केला. तोवर डाव शारीरिक की विशेष, हे त्याच्या प्रकारावरून ठरत होते. विजेचा म्हणजे विशेष, पाण्याचा म्हणजे विशेष, मग तो विजेचा ठोसा का असेना. त्यानंतर प्रत्येक डावाचा वेगळा विचार झाला. ग्याराडोसचे आक्रमण दांडगे आणि विशेष आक्रमण बेताचे, त्यामुळे कित्येक वर्षे त्याला स्वतःच्या पाण्याचाच फारसा उपयोग नव्हता. एका दिवसात तो झाला.

दोन गुणांचा वेग

वेगाविषयी थोडक्यात. वार कितीही जबर असो, तो टाकण्याआधी आपणच पडलो तर त्याला अर्थ नाही. त्यामुळे वेगाच्या बाबतीत केवळ समोरच्यापेक्षा एक गुण जास्त असणे पुरते, दहा असले तरी फायदा तेवढाच. चारिझार्ड, सॅलामेन्स, झॅपडॉस असे अनेक नामवंत प्राणी मूळ वेग १०० च्या घरात आहेत. २००६ मध्ये आलेल्या गारचोम्पचा वेग १०२. पातळी ५० ला सर्व बाजूंनी पोसलेल्या गारचोम्पचा वेग १६९ होतो आणि शंभरच्या कळपाचा १६७. रचनाकाराने ठेवलेल्या त्या दोन गुणांवर गारचोम्पने अनेक वर्षे दरारा राखला.

याला उतारा म्हणून ‘ट्रिक रूम’ नावाचा डाव आहे. तो टाकला की पाच फेऱ्यांपुरते वेगाचे राज्य उलटे होते, सर्वांत मंद प्राणी सर्वांत आधी चालतो. मग जाणूनबुजून मंद ठेवलेल्या प्राण्यांचे चमू तयार झाले, आणि वेगाचा जन्मांक शून्य असलेले पिल्लू मिळावे म्हणून लोक अंडी उबवू लागले.

गणित संपते तेथे

आता बंद मुठीकडे येऊ. समजा, आपला स्टारमी मैदानात आहे. त्याला थंडरबोल्ट हा विजेचा आणि आइस बीम हा बर्फाचा असे दोन डाव येतात, दोन्हींचे बल ९०. समोर ग्याराडोस आहे आणि त्याच्यामागे राखीव म्हणून गारचोम्प उभा आहे. गारचोम्प ड्रॅगन आणि भूमी या प्रकारांचा. ग्याराडोसवर वीज चौपट आणि बर्फ एकपट. गारचोम्पवर वीज शून्य आणि बर्फ चौपट.

नवखा खेळाडू म्हणेल, समोर ग्याराडोस आहे, चौपट वार सोडतो कोण? थंडरबोल्ट. पण हे समोरच्यालाही दिसते. तो ग्याराडोसला मागे घेऊन गारचोम्पला आणतो, वीज जमिनीत जिरते आणि आपण फेरी घालवून बसतो. म्हणून आपण आइस बीम टाकायचा? त्याने हेही ओळखले आणि ग्याराडोस जागेवरच राहिला तर? त्याला किरकोळ ओरखडा बसेल आणि त्याचा वार आपल्यावर येईल. मी काय करीन असे त्याला वाटते आहे असे मला वाटते, या जिन्याला शेवट नाही.

या जिन्यातून बाहेर पडण्याची वाट गणिताने १९२८ सालीच दाखवली होती. जॉन फॉन नॉयमान या हंगेरियन गणितज्ञाने त्या वर्षी सिद्ध केले की, एकाचा लाभ तोच दुसऱ्याचा तोटा अशा दोघांच्या खेळात, योग्य प्रमाणात निवडी मिसळल्या तर प्रतिस्पर्धी काहीही करो, आपला सरासरी लाभ एका हद्दीखाली जात नाही. वरच्या प्रसंगात चौपट म्हणजे ४, एकपट म्हणजे १ आणि शून्य असा लाभ धरून हिशेब मांडला, तर उत्तर थोडे चकित करणारे येते. सातपैकी तीनदा थंडरबोल्ट आणि चारदा आइस बीम. समोर दिसणाऱ्या शत्रूवर हमखास चालणारा डाव निम्म्याहून कमी वेळा टाकायचा! समोरच्याने सातपैकी चार वेळा ग्याराडोसला जागेवर ठेवावे आणि तीन वेळा बदली करावी. अर्थात हा हिशेब ठोकळ आहे. ग्याराडोसचा उलटा वार, दोघांची उरलेली प्राणशक्ती, मागचे गडी हे सारे त्यात धरलेले नाही. प्रत्यक्ष लढतीत ते धरावे लागते, तेही मिनिटभराच्या आत.

आणि समोर बसलेला माणूस हे काही प्रमाणाने चालणारे यंत्र नव्हे. कोणी घाबरून बदली करतो, कोणी हट्टाने करत नाही. पहिल्या दोन फेऱ्यांत त्याचा स्वभाव हेरणे हे कसलेल्या खेळाडूचे खरे काम. हाच खेळ दोन-दोन प्राण्यांनी खेळला की गुंतागुंत कितीतरी वाढते. अशी दुहेरी लढत २००२ मध्ये आली आणि २००९ पासूनच्या जागतिक स्पर्धांमध्ये तीच रूढ झाली. दोन्ही शत्रूंवर एकदम पडणाऱ्या वाराचा जोर चतकोराने घटतो. कोण कोणाला मारील, कोण कोणाला झाकील, हे सारे पुन्हा बंद मुठीतच. २०२२ मधील ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’ने तर लढतीत एकदा आपल्या प्राण्याचा प्रकारच बदलण्याची मुभा दिली, आणि पाठ केलेला तक्ता ऐन वेळी फिरू लागला.

दडवलेले उघड करण्याकडेच मात्र खेळाचा कल राहिला. २०२३ च्या हंगामापासून मोठ्या स्पर्धांत लढतीआधी दोन्ही खेळाडूंना एकमेकांच्या चमूची यादी मिळू लागली. कोणत्या प्राण्याजवळ कोणते चार डाव, कोणती वस्तू, हे सगळे त्यात लिहिलेले. काहींना यात मजा गेली असे वाटले. पण माहिती दोघांनाही सारखी मिळाली म्हणजे हरणाऱ्याला ‘मला हे ठाऊकच नव्हते’ असे म्हणता येत नाही.

मग नशीब? ते आहेच. सोळा आकडे, हुकणारे वार, मर्मी घाव यांतून सुटका नाही, आणि एखादी लढत निव्वळ दैवाने जाते. म्हणूनच मोठ्या स्पर्धांत तीनपैकी दोन लढती जिंकणारा विजयी धरतात. पण कसलेला खेळाडू नशिबावर येईल अशी वेळच कमी वेळा आणतो. १४० आणि १४१ मधला फरक त्याने चमू घडवतानाच मिटवलेला असतो.

याचा सर्वांत गाजलेला दाखला २०१४ चा. त्या वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत दक्षिण कोरियाच्या पार्क से-जुन याने आपल्या चमूत पाचिरिसू घेतला. पाचिरिसू म्हणजे विजेची खार. तिच्या सहा मूळ गुणांची बेरीज ४०५, आक्रमण अवघे ४५. त्याच चमूतील गारचोम्पची बेरीज ६००. प्रेक्षकांत हशा पिकावा अशीच ती निवड होती. पण पार्कने तिला मारायला आणलेच नव्हते. तिचा ‘फॉलो मी’ हा डाव शत्रूचे वार आपल्या अंगावर ओढून घेतो. तिच्या अंगी असा गुण की विजेचा वार बसला तर तिची प्राणशक्ती घटण्याऐवजी वाढते. म्हणजे शेजारी उभ्या असलेल्या ग्याराडोसचा तो चौपट दुबळेपणा झाकला गेला. ‘सुपर फॅंग’ हा डाव समोरच्याची उरलेली प्राणशक्ती निम्मी करतो, त्याला आक्रमणाचा आकडा लागतच नाही. ‘नझल’ हा डाव ज्याला लागतो तो लुळा पडतो, आणि त्या काळच्या नियमाने लुळ्याचा वेग चतकोर होत असे. ४५ या आकड्याचा संबंध येईल असे जवळजवळ काहीच तिच्याकडून करवून घेतले नव्हते. अंतिम लढतीत ड्रॅगनप्रकारचा जबर वार खारीने अंगावर ओढून घेतला आणि ती उभी राहिली. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. ती उभी राहणार हे पार्कने घरी बसून आकड्यांनी काढून ठेवले होते. त्या वर्षीचे विश्वविजेतेपद त्याने जिंकले.